जप्त मुद्देमाल आणि राज्याचा विश्वस्तधर्म
चोरीस गेलेली वस्तू पोलिसांच्या हाती आली की ती ‘मुद्देमाल’, म्हणजे खटल्यातील पुराव्याची वस्तू ठरते. परंतु ताबा राज्याकडे गेल्याने मालकाचे स्वत्व, म्हणजे वस्तूवरील त्याचा हक्क, क्षीण होतो का, हा प्रश्न कायद्याइतकाच धर्माचाही आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायानुसार स्वामी अज्ञात असलेले धन राजाने तीन वर्षे सांभाळावे आणि त्याचे रूप, संख्या इत्यादी खुणा अचूक सांगणाऱ्यास ते द्यावे. चोरांनी नेलेले द्रव्य प्रजेला मिळवून देणे हे तर याज्ञवल्क्यस्मृती राजाचे कर्तव्यच मानते. या विचारात राजा धनाचा भोक्ता नसून विश्वस्त आहे, कारण रक्षणाचे वचन हाच त्याच्या करग्रहणाचा नैतिक आधार होय.

पोलिसांच्या ताब्यातून दागिने नाहीसे झाल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली राज्याला भरपाई देण्यास सांगितले, तेव्हा हेच तत्त्व आधुनिक भाषेत मांडले गेले. पुढे 2002 साली त्याच न्यायालयाने, पंचनामा व छायाचित्रे घेऊन मुद्देमाल सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागताच हजर करण्याच्या हमीवर, मालकास सोपवावा आणि तो ठाण्यात 15 दिवस ते एक महिन्याहून अधिक काळ पडू देऊ नये, असे बजावले. पुराव्याची गरज अशी भागत असताना कष्टकऱ्याचे उपजीविकेचे वाहन गंजू देणे म्हणजे पीडितावर दुसरा अन्याय करणे होय. म्हणून विनाविलंब परतावा हा कृपा नसून राज्याचे ऋणमोचन आहे.