खाणीची जमीन आणि चराईचा हक्क

खाणकाम संपलेल्या जमिनीवर पुन्हा हिरवळ आली, म्हणजे खोदणाऱ्याचे देणे फिटले का, हा प्रश्न कायद्याइतकाच धर्मविचाराचाही आहे. अथर्ववेदाच्या बाराव्या कांडातील पृथ्वीसूक्तात त्याची जाण आढळते. खणलेली जागा लवकर भरून यावी आणि भूमीच्या मर्माला इजा होऊ नये, अशी प्रार्थना तिथे खणणारा स्वतःच करतो. खणण्याला मनाई नाही. पण जखम भरण्याची काळजी पहिल्या घावापासून त्याच्यावर आहे.

८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हीच जबाबदारी कायद्याच्या भाषेत सांगितली. खाणकाम थांबल्यावर पट्टेदाराने त्या जमिनीवर पुन्हा गवत लावावे आणि ती चारा, वनस्पती व प्राणी यांच्या वाढीस योग्य करावी, असा तो आदेश होता. त्यात चाऱ्याचा उल्लेख आहे, ही मोलाची गोष्ट. नुसती हिरवळ पुरेशी नाही; तिच्यावर जनावरांचे पोट भरले पाहिजे.

या विचारावर एक गंभीर आक्षेप आहे. तत्त्वज्ञ रॉबर्ट एलियट यांनी १९८२ साली असे मांडले, की पुन्हा उभा केलेला निसर्ग हुबेहूब असला तरी तो गाजलेल्या चित्राच्या नकलेसारखा असतो. त्याचा मूळ इतिहास तुटलेला असतो. अस्पर्श रानाबाबत हे पटते. पण आपल्याकडे खाणीत गेलेली बरीच जमीन गायरानाची, शेतीची किंवा विदर्भात म्हणतात त्या झुडपी जंगलाची होती. तिचे मोल गुरे, गुराखी आणि गवत यांच्या नात्यात होते. तिथे अस्सल-नक्कल हा वाद गौण ठरतो; ते नाते पुन्हा जुळते का, हे पाहावे लागते.

ते जुळवणे कष्टाचे आहे. खाणीच्या ढिगाऱ्यात माती नसतेच म्हटले तरी चालेल. असतो तो दगड-मुरूम, सेंद्रिय अंश जवळजवळ शून्य, उन्हात तापणारा आणि पावसात वाहून जाणारा. नागपूर जिल्ह्यात गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर ‘नीरी’ या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी साखर कारखान्याची मळी आणि मुळांशी राहणारे उपयुक्त जीवाणू व बुरशी वापरून झाडे वाढवली. म्हणजे आधी माती घडवावी लागते, मग झाड.

गवत दिसू लागले की गुरे सोडण्याची घाई होते. ठोंब हाताने ओढून पाहावा: मुळासकट उपटून आला, तर गाईच्या जिभेच्या हिसड्यानेही तो येणार. तोवर चराईबंदी आणि कापून नेलेला चारा हाच मार्ग. पण कायमची बंदीही घातक. न चरलेले गवत वाळून साचते आणि उन्हाळ्यात वणव्याला खाद्य होते. बी झडल्यानंतर बेताची चराई झाली, तर खुरांनी बी मातीत दबते आणि शेण जमिनीला मिळते.

गुरांच्या आरोग्याचा प्रश्न त्याहून नाजूक. काही खाणींच्या मातीत मॉलिब्डेनम जास्त असते. तिथला चारा खाऊन गुरांच्या शरीरात तांब्याची कमतरता होते, अंग झडते, हगवण लागते. पंचमहायज्ञांतला भूतयज्ञ गृहस्थाला रोज इतर जीवांचा वाटा काढायला सांगतो. न तपासलेला चारा त्यांच्यापुढे टाकणे म्हणजे तो वाटा देणे नव्हे. माती आणि चारा तपासल्याशिवाय जमीन चराईला खुली करू नये.

सर्वांत मोठा अन्याय मात्र प्रतीक्षेच्या काळात होतो. खनिजाचा पैसा एकाला मिळतो आणि चराईबंदीची झळ दोन-चार शेळ्यांवर घर चालवणाऱ्याला बसते. ज्याने खोदले त्यानेच त्या वर्षांचा चारा पुरवला पाहिजे आणि कुरण केव्हा खुले करायचे, हे ठरवताना गुराख्यांना बरोबर घेतले पाहिजे. त्याआधी खाणपट्टेदाराला जबाबदारीतून मोकळे करणे धर्मालाही धरून नाही आणि न्यायालाही.