अवघडलेला हात

मनातला राग ओसरलेला नसताना एखाद्याने उपासनेनंतर आपल्या वैऱ्यापुढे हात केला, तर ते ढोंग ठरते काय? पुष्कळ प्रामाणिक माणसे ह्याच भीतीने थबकतात. ‘आधी मन बदलू दे’ असे म्हणता म्हणता वर्षे निघून जातात.

जबलपूरच्या रांझी भागाचे जीवन आसपासच्या कारखान्यांशी बांधलेले आहे. तेथील वाहन कारखाना १९६९ साली सुरू झाला; खमरियाचा दारूगोळा कारखाना त्याहून जुना. अशा वस्त्यांतली मुले वडिलांच्या मोठ्या सायकलीवरच सायकल शिकत. पाय पुरत नसत म्हणून दांडीखालच्या त्रिकोणातून पाय घालून पायडल मारीत. तिकडे ह्याला ‘कैंची’ म्हणतात. नवशिक्याचे सारे अंग ताठरलेले असते, तो वेडावाकडा जातो, पडतो. पण तो सायकल चालवण्याचे ढोंग करतो, असे कोणी म्हणत नाही. तोल आधी आणि पायडल मग, असा क्रम तेथे नसतोच. मायकेल पोलान्यी ह्या विचारवंताने १९५८ सालच्या आपल्या ग्रंथात दाखवले आहे की, सायकलस्वार ज्या बाजूला कलतो त्याच बाजूला हँडल वळवून सावरतो, आणि आपण असे करतो हे बहुतेकांना ठाऊकही नसते!

हातोड्याचेही तसेच. १९२०च्या दशकात निकोलाय बर्नस्टाइन ह्या रशियन शास्त्रज्ञाने मॉस्कोत कामगारांच्या घावांचे चित्रण केले. कुशल कामगाराचा घाव नेमका बसे, पण खांदा, कोपर, मनगट दर वेळी थोडे निराळे हलत. सराव म्हणजे तीच हालचाल गिरवणे नव्हे, तर तोच प्रश्न दर वेळी नव्याने सोडवणे, असे त्याने म्हटले. किती वेळा क्षमा करावी, असे पेत्राने विचारले. त्याला हिशेब हवा होता. पण भावाने बुडवलेल्या पैशाची क्षमा आणि त्याच भावाने आईला लावलेल्या बोलाची क्षमा एकाच हालचालीने होत नाही.

इब्री लोकांस पत्राच्या पाचव्या अध्यायाच्या शेवटी प्रौढ विश्वासणाऱ्यांविषयी जे क्रियापद आहे, ते ग्रीक व्यायामशाळेतले आहे. भाषांतरात ‘अभ्यास’ लिहिले की वाचकापुढे पुस्तक उभे राहते. मला ‘तालीम’ हा शब्द अधिक जवळचा वाटतो. त्याला घामाचा वास आहे.

ढोंगी मनुष्यही हात पुढे करतो, हे खरे. मात्र त्याचे डोळे बघ्यांकडे असतात, शिकणाऱ्याचे रस्त्याकडे. दुखावलेल्याचा हात ओढून दुसऱ्याच्या हातात देणाऱ्या पुढाऱ्यांविषयी मी येथे बोलत नाही. ती तालीम नव्हे. ज्याच्यापुढे असा अवघडलेला हात येतो, त्याला मात्र इतके करता येईल: सायकलीमागे कॅरिअर धरून धावणारा जसा हसत नाही, तसे त्यानेही हसू नये.