उष्टे, यंत्र आणि शुचिता

भांडी घासण्याचे यंत्र घरात आणावयाचे ठरले, म्हणजे ज्या दोन गोष्टींचा खल कुटुंबात चालतो – कोणते यंत्र घ्यावे, आणि खरकटी भांडी त्यात ठेवण्यापूर्वी विसळावीत की नाही – त्यांपैकी पहिली केवळ व्यवहाराची असून तिचा निकाल अर्ध्या तासात लागतो. दुसरी मात्र दिसावयास क्षुल्लक असली, तरी शुचितेसंबंधीच्या आपल्या पिढीजात कल्पनांच्या मुळाशी जाऊन भिडते, आणि म्हणूनच तिचा फैसला सहजासहजी होत नाही.

पहिलीची वासलात येथेच लावू. ज्याच्या खालच्या जाळीत कढई आणि पातेले उपडे मावेल, ज्यात सत्तर अंशांच्या आसपास तापलेल्या पाण्याची एखादी फेरी असेल, आणि बोअरच्या जड पाण्यासाठी मीठ घालण्याचा कप्पा असेल, ते यंत्र आपल्या स्वयंपाकघरास चालते. बाकीच्या कळांची मातबरी फारशी नाही.

दुसरीचेही शास्त्रीय उत्तर निःसंदिग्ध आहे: विसळू नये, निपटून घ्यावे. शेवग्याच्या शेंगेचा चोथा, कढीपत्त्याची पाने, लिंबाची पिळलेली फोड ही गाळणीत अडकतात, म्हणून ती आधी केराच्या डब्यात ढकलावीत. परंतु आमटीचा ओघळ, भाताचा लेप, तुपाचा ओशटपणा हे सारे यंत्राच्या स्वाधीन करावे. धुण्याच्या वडीत जी विकरे असतात, त्यांपैकी काही पिष्ट फोडतात आणि काही प्रथिने. म्हणजे ज्या खरकट्याची आपणांस लाज वाटते, तेच त्यांचे कार्यक्षेत्र होय. शिवाय अलीकडच्या कित्येक यंत्रांत पाण्यातून प्रकाश सोडून त्याचा गढूळपणा अजमावण्याची तजवीज असते. ताटे आधीच विसळलेली असली, की पाणी निवळ दिसते, काम हलके आहे असा यंत्राचा ग्रह होतो, आणि ते आपली फेरी आखडती घेते. पाण्याचा हिशेब पाहावा, तर यंत्राची सबंध फेरी साधारण दहा-बारा लिटरांत आटोपते, आणि नळ दोन मिनिटे मोकळा सोडला की जवळजवळ तितकेच पाणी मोरीतून वाहून जाते. बुडाशी करपलेले दूध तेवढे भिजत घालावे लागते. बाकी कशालाही नळाखाली धरण्याचे कारण नाही.

इतके कळूनही हात नळाकडे जातोच. हे अज्ञान म्हणावे, तर सांगून ते जावयास हवे होते; पण ते जात नाही, याचा अर्थ त्याचे मूळ ज्ञानाच्या प्रांतात नसून संस्काराच्या प्रांतात आहे.

या यंत्राचा जन्मच मुळी एका अविश्वासातून झाला. अमेरिकेतील इलिनॉय संस्थानातल्या शेल्बीव्हिल येथील जोसेफिन कॉक्रेन या बाईंच्या ठेवणीतल्या चिनी मातीच्या बशांचे नोकरांच्या हातून टवके उडत, आणि तो हातच कामातून वगळावा या ईर्ष्येने त्यांनी जे यंत्र रचले, त्याचे पेटंट त्यांना १८८६ साली मिळाले. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात ते मांडले गेले. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत विवेकानंद बोलले. परिषदेत आत्म्याच्या शुद्धीची चर्चा चालली असता ताटांच्या शुद्धीची ही नवी रीत त्याच शहरात लोक कौतुकाने पाहत होते, आणि या दोहोंचा परस्परांशी काही संबंध असेल, असे बहुधा कोणाच्या मनातही आले नसावे.

संबंध आहे. आपल्या जुन्या घरांतून मोलकरणीने परसात राखेने लख्ख घासलेली भांडी आत घेण्यापूर्वी त्यांवर घरच्या बाईने स्वच्छ पाणी ओतण्याचा दस्तूर होता. ती भांडी मळकट होती म्हणून नव्हे. मळ तर मोलकरणीने केव्हाच काढलेला असे. ते पाणी तिचा स्पर्श धुऊन टाकण्यासाठी होते. ज्या हाताने आपले उष्टे दूर केले, तोच हात अशुद्ध ठरवावयाचा, आणि ज्याने उष्टे निर्माण केले त्याने सोवळ्यात मिरवावयाचे, असा हा विलक्षण न्याय पिढ्यान् पिढ्या बिनतक्रार चालला. आजही घरकामाला येणाऱ्या बाईंचा चहाचा कप जेथे फळीवर वेगळा असतो, तेथे तो चालूच आहे. यंत्राला जात नसल्यामुळे धुतल्यानंतरच्या त्या पाण्याचे प्रयोजन संपले. पण उष्ट्याची किळस उरली, आणि तिने आपले पाणी धुण्याच्या आधी आणून ठेवले.

यावर कोणी आस्तिक अशी हरकत घेईल, की शुद्धी हे संकल्पपूर्वक करावयाचे कर्म असून ज्याला संकल्पच नाही, अशा यंत्राच्या हातून ते घडावे कसे? प्रश्न पोरकट नाही. दूध आणि मांस यांची भांडी एकाच यंत्रात धुवावीत की नाही, यावर यहुदी धर्मशास्त्र्यांत मतभेद आहेत, आणि काही श्रद्धाळू घरांतून त्यासाठी दोन यंत्रे ठेवतात. आपल्याकडेही मासळीचे पातेले आणि नैवेद्याचे ताट एका जाळीत ठेवताना पुष्कळांचे मन कचरते. परंतु मनुस्मृतीचा पाचवा अध्याय द्रव्यशुद्धीसाठी भस्म, माती आणि पाणी सांगतो, तांबे-लोखंड-कथलासारख्या धातूंसाठी क्षार, आम्ल आणि पाणी सांगतो. म्हणजे त्या स्थळी विचार पदार्थाचा आहे. वडीतला क्षार, चकाकीच्या द्रवातले सायट्रिक आम्ल आणि तापलेले पाणी यांनी त्या वचनाची अक्षरशः पूर्तता होते. देवाची तांब्या-रुप्याची उपकरणी तेवढी यंत्रात घालू नयेत, कारण तीव्र क्षाराने ती काळवंडतात. येथे भाविकाचा संकोच आणि रसायनशास्त्र यांचे एकमत आहे.

आणि संकल्पाचाच आग्रह धरावयाचा, तर मोलकरणीचा संकल्प आपण कधी विचारला होता? ताट शुद्ध होण्यास तिची भक्ती लागत नव्हती, केवळ तिचे श्रम लागत होते. तेव्हा यंत्राने धर्मकृत्य बुडविले, ही तक्रार ज्याने ते कृत्य स्वतः कधी केलेच नाही, त्याच्या तोंडी शोभत नाही. राजसूय यज्ञात उष्ट्या पत्रावळी काढण्याचे काम श्रीकृष्णाने पत्करल्याची कथा आमचे कीर्तनकार रंगवून सांगतात आणि आम्ही माना डोलावतो. मात्र तो दाखला आपल्या घरच्या मोरीला लागू पडतो, हे कबूल करण्याची वेळ आली की आम्ही देवाला देव्हाऱ्यात परत बसवितो.

म्हणून माझ्या मते विसळण्याच्या वादाचा निकाल यंत्राच्या माहितीपुस्तिकेत आणि धर्माच्या गाभ्यात एकच आहे. नळ बंद ठेवावा, आणि जो जेवला त्याने, मग तो घरचा कर्ता पुरुष का असेना, आपले ताट आपल्या बोटांनी निपटून जाळीत नेऊन ठेवावे. उरलेले काम क्षाराने केले काय किंवा मोल घेऊन माणसाने केले काय, भांडे सारखेच स्वच्छ होईल; पण आपल्या उष्ट्याला हात लावण्याची ज्याला शिसारी येते, त्याची शुचिता दुसऱ्याच्या हातावर उसनी घेतलेली आहे, आणि ते ऋण कोणत्याही यंत्राला फेडता येणार नाही.