अमानत कुणाची?

आय.आय.टी. पवईत शिकलेल्या झीशान हयात यांनी 2013 मध्ये ‘टॉपर’ काढली. मूल प्रश्न सोडवी, अ‍ॅप त्याच्या चुका टिपून पुढचा प्रश्न ठरवी. हुन्नर मोठाच. 2021 मध्ये ‘बायजूज’ने ती घेतली, जुलै 2024 मध्ये ‘बायजूज’च दिवाळखोरीच्या कारवाईत अडकली. कंपनी विकता येते, पण त्या चुका? त्या कुणाच्या?

मुलाचे कच्चेपण आम्ही शिक्षक भर वर्गात बोलत नाही. अम्मीला बाजूला घेऊन सांगतो. ती अमानत आहे. 2023 चा कायदा 18 वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती मागतो. ठीक. पण न वाचताच बटण दाबणाऱ्या अब्बांची संमती कितीशी खरी? वर्ष संपले की नोंद पुसली जावी, एवढे तरी इंजिनिअरने आधीच लिहून ठेवावे; मालकाने सांगितले नसले तरी.