चर्मदृष्टी



चातुर्मासानिमित्त निरूपण पाठवावे अशी संपादकांची आज्ञा झाली, तेव्हा देहाच्या अनित्यतेवर लिहावे असे मनात होते. पण लिहायला बसलो त्या दिवशी ओसरीवर माझा चढाव तेल पिऊन सावलीत पडला होता आणि नजर राहून राहून तिकडेच जाई. म्हटले, आज त्याच्यावरच बोलू. हरिदासाने पायताणावर बोलावे हे काहींना रुचणार नाही. त्यांनी आधी एवढे सांगावे, की मंडपात ज्याच्या बोलावर आपण नाचतो तो मृदंग कशाने मढविलेला असतो? दोन्ही पुड्या कातड्याच्या, त्यांना ताणून धरणारी वादीही कातड्याची. डाव्या पुडीला कणीक लावतात. कीर्तन संपले की जाणता मृदंगमणी ती लगेच खरवडून पुडी पुसतो, आणि मगच प्रसादाला हात लावतो. कणीक वाळून राहिली तर कातडे कडक होते, आणि उंदीर त्याच रात्री येतो. म्हणजे कातड्याची सेवा आपल्या संप्रदायाला नवी नाही. ती कोणी करायची आणि करणाऱ्याला कोठे बसवायचे, एवढ्यापुरतेच आपले घोडे अडले.

आता माझा अपराध सांगतो.

अष्टावक्राचे आख्यान आपण सर्वांनी ऐकले आहे. आठ ठिकाणी वाकडा असा तो मुलगा जनकाच्या सभेत येतो, पंडित खदखदा हसतात, तोही हसतो, आणि जनकाने कारण विचारल्यावर म्हणतो, मला वाटले येथे ज्ञानी बसले आहेत, पण हे तर सगळे चर्मकार निघाले, यांना कातड्यापलीकडे दिसत नाही. हे आख्यान मी तीस वर्षे लावले. याच वाक्याला सभा हमखास हसते. सभा हसली की बुवाला चेव येतो, मग तोही दोन वाक्ये पदरची घालतो. मीही घातली.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट. चुलबंद नदीच्या काठी एका गावी सप्ताह होता. आमच्या साकोली भागातला पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना जास्त सांगायला नको. तलाव तुडुंब, बांध्यांत गुडघाभर पाणी, आणि वाट म्हणजे धानाच्या धुऱ्या. चढाव भिजून लगदा झाला. मुक्कामी गेल्यावर मी तो चुलीच्या तोंडाशी ठेवून दिला. सकाळी पाहतो तर लाकूड! पाय आत जाईना. यजमानांनी सल्ला दिला, जवसाचे तेल लावा. लावले. दोन दिवस मऊ वाटला, मग चिकट झाला, मग पहिल्यापेक्षा कडक, आणि घरी आल्यावर आठ दिवसांत त्यावर पांढरा बुरा चढला. त्यावर मी काळे पॉलिश फासले आणि तसाच साकोलीला कीर्तनाला गेलो. त्या रात्री अष्टावक्रच लावला होता.

दुसऱ्या दिवशी जोडा घेऊन हमरस्त्याच्या कडेला छत्री लावून बसणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. त्याने जोडा हातात घेतला, उलटा केला, नाकाजवळ नेला, आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाला, "महाराज, काल तुमचं कीर्तन आयकलो जी. लय हासले लोकं."

मी विचारले, "दादा, तुम्ही कुठे बसला होता?"

"जोड्यायपाशी."

मग थोडे थांबून, "एक पुसू का जी? मी कातडंच पाह्यतो, हे खरं हाय. पन कातडं पाहून आतलं दिसत नाई, हे कोनं सांगतलं? हा जोडा पाहा. उजवी टाच भायेरून झिजली. तुमचा उजवा गुडघा दुखते. उभं राहून बोलता, तं सारा भार तिकडंच देता."

सज्जनहो, गुडघ्याचे मी घरीही बोललो नव्हतो. पुढे म्हाताऱ्याने चुलीचेही ओळखले, जवसाचेही ओळखले. नखाने पॉलिशची खपली काढून दाखविली. खाली धूळ, तिच्याखाली पुन्हा पॉलिश, पुन्हा धूळ. तीन थर होते. मी काही बोललो नाही. बोलायला होते काय?

तो जे दोन तास सांगत होता ते येथे देतो, कारण वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी हाच प्रकार असेल. कातडे मेले तरी ते तंतूंचे विणकाम आहे. कमावताना त्या तंतूंत तेल मुरविलेले असते, त्या तेलामुळे एक तंतू दुसऱ्यावरून सरकतो आणि कातडे वाकते. जोडा वारंवार भिजला आणि वाळला की हे तेल उणे होत जाते, आणि वाळताना तंतू एकमेकांना चिकटतात. त्यात विस्तव दाखविला तर अनर्थच. झाडसालीने कमावलेले कातडे ओले असताना साधारण ७० ते ८५ अंश उष्णतेला आक्रसू लागते, आणि चुलीच्या तोंडाशी तेवढी आच सहज असते. एकदा आक्रसलेले पुन्हा सैल होत नाही. म्हणून भिजलेला जोडा सावलीत, वाऱ्यावर. आत जुने वर्तमानपत्र कोंबावे, ते ओले झाले की बदलावे. दोन दिवस लागले तर लागू द्यावेत. आपल्याला जोड्याची घाई असते, जोड्याला वाळायची नसते.

तेल लावण्याआधी धूळ. कोरड्या ब्रशाने शिवणीतली, जिभेखालची, टाचेच्या खाचेतली सर्व काढावी, मग घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून घ्यावे. कपडे धुण्याचा साबण किंवा सोडा लावू नये, त्यातल्या क्षाराने कमावणीच बिघडते. बुरा आला असेल तर तो अंगणात जाऊन पुसावा, घरात झटकला तर शेजारच्या जोड्यावर बसतो. नंतर तेल, आणि तेही एरंडेल. आमच्या लहानपणी विहिरीवरची मोट आणि शेतकऱ्याच्या वहाणा एरंडेलावरच टिकत. जवसाचा गुण निराळा. ते हवेवर सुकून त्याचा कडक पापुद्रा होतो, म्हणून ते दाराखिडक्यांना चांगले आणि कातड्याला वैरी. एरंडेल तसे सुकत नाही. पण दोन-चार थेंब, तळहातावर चोळून ऊन केलेले, जेथे जोडा वाकतो तेथे बोटाने जिरवायचे, रात्रभर ठेवायचे आणि सकाळी उरलेले पुसून टाकायचे. जास्त पाजले तर कातडे लोळागोळा होते आणि बुऱ्याला आमंत्रण मिळते. हल्लीचे चकचकीत बूट बहुतेक क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असतात, त्यांना दुकानातली बिनरंगाची मलई बरी. साबरासारख्या लवदार कातड्याला तेलही नको आणि पॉलिशही नको, नुसता ब्रश. पॉलिश म्हणजे मुख्यत्वे मेण; ते वरचे पाणी अडविते आणि चमक देते, पण पोटात काही घालीत नाही. ते शेवटी, आणि पातळ. रोज तोच जोडा घालू नये, घामाला सुकायला एक दिवस द्यावा. ठेवायचा तर सुती कापडात, प्लास्टिकच्या पिशवीत कदापि नाही. पट्टे, पिशव्या, टाळमृदंगाच्या खोळीचे बंद, सर्वांना हाच न्याय.

एवढे ऐकून मी घरी आलो आणि पोथ्या काढल्या. खोड जाते कोठे! वनपर्वातली अष्टावक्राची कथा पुन्हा वाचली. तेथे द्वारपाल त्याला लहान म्हणून अडवितो, केस पिकल्याने कोणी वडील होत नाही असे तो सांगतो, मग बंदीशी वाद होतो, बापाची सुटका होते. ज्या वाक्यावर मी तीस वर्षे टाळ्या घेतल्या ते वाक्य तेथे नाही! ते मागाहून कथेकऱ्यांच्या तोंडून तोंडी आले असावे, आणि मी पाठशाळेत शिकलेला माणूस, एकदाही मूळ उघडून पाहिले नाही. कारण उघड आहे. ते वाक्य मला आवडत होते.

तेथून अनुशासनपर्वाकडे वळलो. श्राद्धात छत्री आणि जोडे का देतात, असे धर्मराज विचारतो, तेव्हा भीष्म जमदग्नीची कथा सांगतात. आपल्या माहूरगडच्या रेणुकामातेची म्हणा ना! ज्येष्ठाचे भर दुपारचे ऊन. जमदग्नी खेळ म्हणून बाण सोडीत आहेत आणि ती माउली धावत जाऊन बाण वेचून आणीत आहे. पायाखाली जमीन तापलेली, डोक्यावर सूर्य. एकदा ती झाडाच्या सावलीत क्षणभर थांबली आणि परत येताना नवरा रागावेल म्हणून थरथरत आली. उशीर का झाला? म्हणाली, डोके आणि पाय भाजले. ऋषींचा राग तिच्यावरून सूर्यावर गेला, त्यांनी सूर्यावरच बाण रोखला. सूर्य ब्राह्मणाच्या वेषाने आला, वाद झाला, अखेर शरण आला, आणि त्याने दोन वस्तू दिल्या, डोक्याला छत्र आणि पायाला चामड्याच्या पादुका. आजही तेराव्याला आपण छत्री-जोडा देतो, त्याचे मूळ हे.

कथा गोड आहे. मी ती पुष्कळदा सांगितली आहे. पण त्या रात्री प्रथमच मनात आले, की सूर्याने पादुका दिल्या खऱ्या, पण ते कातडे सोलले कोणी, हिरडा-बाभळीच्या सालीत भिजविले कोणी, त्या कुंडीच्या वासात उभे राहून घासले कोणी? कथेत तो माणूस नाही. दान आहे, दाता आहे, पुण्य आहे, करणारा गळला. असो, व्यासांना विचारण्याचा माझा अधिकार नाही. माझ्या मंडपापुरते मात्र मला उत्तर दिले पाहिजे.

संत रोहिदासांच्या समोर तीच कातडे भिजविण्याची काठवट होती, आणि गंगा तेथे आली असे आपणच सांगतो. महिपतिबुवांनी १७६२ च्या भक्तविजयात त्यांची कथा घेतली, म्हणजे आपल्या ग्रंथात ते आत आहेत. मंदिरात? पंढरीत चोखोबांची समाधी महाद्वारासमोर बाहेरच आहे. जोडे बाहेर राहात आणि जोडे शिवणाराही बाहेरच राही. साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात, १ तारखेपासून १० तारखेपर्यंत, पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केले तेव्हा ते दार उघडले. त्याला पाऊणशे वर्षे होऊन गेली. कायद्याचे दार उघडले, ते ठीक. पण माझ्या आख्यानातले एक वाक्य त्यानंतरही त्या माणसाला जोड्यांपाशी बसवीत होते.

जून २०२५ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात प्राडा या बड्या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारखी पायताणे मांडली आणि मूळ कोणाचे ते सांगितले नाही, तेव्हा आपल्याकडे केवढी ओरड झाली. ती रास्त होती, कंपनीलाही मूळ मान्य करावे लागले. आमच्या गावातही दोघेतिघे तावातावाने बोलत होते. मी त्यांच्या पायांकडे पाहिले. एकाच्या बुटावर तीन पावसाळ्यांचा चिखल, आणि शिवून घ्यायचे तर पाच रुपयांसाठी घासाघीस. मी तरी त्यांना काय बोलणार होतो, माझ्या चढावाचे तीन थर ताजेच होते.

तेव्हापासून दर दशमीला संध्याकाळी मी माझा जोडा माझ्या हाताने साफ करतो. शिष्यमंडळी हात पुढे करतात, मी देत नाही. पहिल्या वेळी बोटांना वास राहिला आणि रात्री पोथी उघडताना हात आखडला, हेही लपवीत नाही. जन्मभराचे संस्कार, ते दोन-चार थेंबांनी सुटत नाहीत. हात धुतले, पोथी उघडली. पुढच्या दशमीला आखडला नाही.

गेल्या कार्तिकात पुन्हा साकोलीला कीर्तन होते. अष्टावक्र मुद्दाम लावला. सभेत पंडित हसले येथपर्यंत आलो आणि सांगितले, की पुढचे वाक्य मी तीस वर्षे सांगत आलो, ते मूळ ग्रंथात नाही आणि खरेही नाही. कातडे पाहून आतले ओळखणारा मला या गावात भेटला आहे. कोणी हसले नाही. दोन-तीन जुने श्रोते उठून गेले, त्यांना काय वाटले ते मला ठाऊक नाही. आरतीनंतर बाहेर आलो तर म्हातारा तिथेच, जोड्यांच्या ओळीपाशी.

मी म्हटले, "दादा, आत का नाही आलात?"

"येतो जी," तो म्हणाला, माझा चढाव हातात उलटा धरून. "पन हे टाच अजून भायेरूनच झिजते. गुडघ्याले दाखोलं का नाई तुमी?"