कानातला मळ आणि कानातला नाद

चिंतनासाठी : मार्क ७:३१-३७



गेल्या पावसाळ्यात रात्री दिवा मालवून अंथरुणाला पाठ टेकली की आम्हाला रातकिडे ऐकू येत. धर्मगुरुनिवासाच्या मागे बावखल आहे, भोवती केळी आणि गुडघाभर गवत. तेव्हा त्यात नवल वाटले नाही. दसरा गेला, दिवाळी गेली, बावखलाचे पाणी उतरले, गवत वाळले. नाताळच्या रात्री मिस्सा आटोपून सर्व मंडळी घरी गेल्यावर आम्ही चर्चच्या पायरीवर एकटेच उभे होतो. हवेत गारवा होता, माडाचे झावळेही हलत नव्हते आणि रातकिडे मात्र चालूच होते. तेव्हा कुठे आमच्या ध्यानात आले की ते बावखलात नाहीत, आमच्या डाव्या कानात आहेत.

डॉक्टर याला टिनिटस म्हणतात. बाहेर आवाज नसताना कानात किंवा डोक्यात आवाज येणे. कोणाला शिट्टी ऐकू येते, कोणाला गुणगुण, कोणाला समुद्राची गाज. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही एका प्रश्नावर रात्र रात्र वाद घातले आहेत : निर्जन रानात झाड कोसळले आणि ऐकायला कोणीच नसेल, तर आवाज झाला असे म्हणावे का? वयाच्या चाळिशीनंतर देवाने तोच प्रश्न उलटा करून आमच्यापुढे ठेवला. झाड पडलेलेच नाही, तरी कान ऐकतो आहे, त्याचे काय?

हा प्रश्न नुसता पंडिताचा नाही. संत पौल रोमकरांस पत्रात (अध्याय १०) सांगतात की, विश्वास ऐकण्याने येतो. संत थॉमस अक्विनस आपल्या पवित्र साक्रामेंताच्या स्तोत्रात म्हणतात की, त्या भाकरीपुढे डोळा, स्पर्श आणि जीभ तिघेही फसतात, भरवसा ठेवावा तो कानावर. मग ज्या धर्मगुरूचा कानच खोटी साक्ष देतो, त्याने काय करावे? आम्ही काय केले ते सांगतो. आम्ही काहीच केले नाही. पंखा मोठा लावून झोपू लागलो आणि दिवसा कान खाजला की कापसाची काडी, नाहीतर सॅक्रिस्टीची बारीक चावी कानात फिरवू लागलो.

फेब्रुवारीच्या पहिल्या शुक्रवारी नेहमीप्रमाणे घरोघरी आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला गेलो. एका घरी एक वडीलधारे गृहस्थ बरेच दिवस अंथरुणाला खिळून होते. कम्युनियन घेतल्यावर त्यांनी आमचा हात धरला आणि हलक्या आवाजात काही सांगितले. डोक्यावर पंखा घरघरत होता, आमच्या कानात रातकिडे होते. आम्ही वाकलो, तरी शब्द कळेना. पुन्हा विचारायची लाज वाटली. म्हणून आम्ही त्यांचा हात थोपटला आणि म्हणालो, "हो, हो, काळजी करू नका." त्यांचा चेहरा उजळला. आम्हीही समाधानाने पुढच्या घरी गेलो.

पुढच्या गुरुवारी त्यांची पत्नी धर्मगुरुनिवासात आली. दारातच उभी राहून म्हणाली, "फादर, भाऊजींकडे कधी जाणार? हे रोज विचारतात. म्हणतात, फादरनी हो म्हटलंय."

वाडीच्या बांधावरून दोन भावांत अकरा वर्षे अबोला होता. त्या गृहस्थांनी आमच्याकडे एवढेच मागितले होते : धाकट्याला बोलावून आणा. आणि आम्ही न ऐकताच हो म्हटले होते.

त्याच संध्याकाळी आम्ही त्यांच्या भावाच्या घरी गेलो. तो माणूस वाईट नव्हता. निरोप कळताच त्याने शर्ट चढवला आणि आमच्याबरोबर निघाला. पण मधल्या सहा दिवसांत आजार पुढे गेला होता. थोरल्याची वाचा गेली होती. धाकटा खाली बसला, भावाच्या कानाशी तोंड नेले आणि बराच वेळ बोलत राहिला. थोरल्याने त्याचा हात दाबून धरला. चार दिवसांनी त्यांना देवाज्ञा झाली. त्यांना काय बोलायचे होते ते धाकट्याला कधीच ऐकायला मिळाले नाही. त्या माउलीची आणि धाकट्या भावाची परवानगी घेऊनच आम्ही हे लिहीत आहोत. त्या माउलीने आम्हाला एका शब्दानेही दोष दिला नाही. म्हणून तो आम्हीच येथे देत आहोत.

अंत्यविधीनंतर आम्ही कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दुर्बिणीने दोन्ही कान पाहिले आणि विचारले, "फादर, कानात काय काय घालता?" आम्ही कबूल केले. दोन्ही कानांत मळाचे घट्ट बूच बसले होते.

कानातला मळ म्हणजे घाण, असे आपण समजतो. तसे नाही. कानाच्या नळीच्या बाहेरच्या भागातल्या ग्रंथी तो तयार करतात. तो धूळ अडवतो, आतली नाजूक कातडी कोरडी पडू देत नाही. सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीच्या त्या नळीतली कातडी पडद्याकडून बाहेरच्या दिशेने हळूहळू सरकत असते आणि जुना मळ बरोबर घेऊन येते. बोलताना, चावताना जबडा हलतो, त्याचीही मदत होते. बहुतेकांचा कान असा स्वतःच स्वच्छ होतो. आपण काडी घालतो तेव्हा थोडा मळ काडीला लागतो आणि बाकीचा आत ठासला जातो. काडीवरचा मळ पाहून आपल्याला वाटते, कान साफ झाला!

पाच दिवस मळ मऊ करणारे थेंब घातल्यावर डॉक्टरांनी पिचकारीने कान धुतले. पाणी अंगाच्या उष्णतेइतके कोमट होते, कारण फार थंड किंवा गरम पाण्याने चक्कर येते. पडद्याला भोक असेल तर असे धूत नाहीत, म्हणून आधी तपासणी. खाली धरलेल्या भांड्यात काळपट तपकिरी खडे पडले आणि एकदम जग आत आले. भिंतीवरचे घड्याळ, शेजारच्या खोलीतले नर्सचे बोलणे, आमच्याच झग्याची सळसळ. आम्हाला वाटले, सुटलो!

त्या रात्री पंखा बंद केला. रातकिडे होते. थोडे कमी झाले होते, पण होते.

पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. श्रवणचाचणी झाली. डॉक्टरांनी समजावले की, कधी नुसत्या मळानेही असा आवाज येतो आणि मळ काढला की जातो. पण आमच्या अंतर्कर्णातल्या काही सूक्ष्म केसपेशी वयाने व मोठ्या आवाजाने झिजल्या आहेत. त्या पुन्हा उगवत नाहीत. तिकडून येणारा संदेश कमी झाला की मेंदू आपलीच संवेदनशीलता वाढवतो आणि त्यातून हा नाद उठतो, असे मानतात. तो हमखास घालवणारे औषध नाही. "मळ मी काढला, फादर. नादाबरोबर राहायला शिकावे लागेल."

बंधुभगिनींनो, आमच्या मते या एका वाक्यात आध्यात्मिक जीवनाचा अर्धा विवेक आहे. आपल्या आत जे आहे त्यातले काही मळ आहे आणि काही नाद आहे. मळ काढायचा असतो, नाद सोसायचा असतो. आपण नेमकी अदलाबदल करतो.

कोणी म्हणतो, "माझा स्वभावच रागीट, बायकोमुलांनी समजून घ्यावे." कोणी म्हणतो, "भावाशी अबोला हा माझा क्रूस आहे." नाही! तो क्रूस नव्हे, तो मळ आहे. तो काढता येतो, पण स्वतःच्या काडीने नव्हे. कोणालाही स्वतःच्या कानात डोकावता येत नाही. स्वतःची बाजू स्वतःशीच मांडत बसणे म्हणजे कानात काडी फिरवणे. थोडे काडीला लागते, बाकीचे खोल जाते. त्यासाठी दुसऱ्याच्या हाती कान द्यावा लागतो. प्रायश्चित्त संस्कारात आपण हेच करतो. अश्रू आणि पश्चात्ताप हे मऊ करणारे थेंब आहेत. पुढचे काम ख्रिस्ताचे.

उलट कोणी माउली मूल दगावल्याचे दुःख वर्षानुवर्षे पाप म्हणून सांगत राहते. कोणी वृद्ध प्रार्थनेत मन लागत नाही म्हणून स्वतःला दोषी धरतो. आई, बाबा, हा मळ नाही. हा नाद आहे. संत पौलांनाही देहातला एक काटा होता. तो काढावा म्हणून त्यांनी तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही, कृपा मात्र पुरली (२ करिंथ १२:७-९). बीथोव्हेनने १८०१ साली आपल्या डॉक्टर मित्राला, वेगेलरला, पत्रातून कळवले की कान रात्रंदिवस गुणगुणतात आणि आपण बहिरे आहोत हे सांगता येत नाही म्हणून आपण लोकांत जाणे टाळतो. ते वाचताना आम्हाला आमचे 'हो, हो' आठवले. त्याच माणसाची नववी सिंफनी १८२४ साली व्हिएन्नात प्रथम सादर झाली. नाद गेला नव्हता, पण नादाने सगळी जागा अडवली नव्हती.

आता शुभवर्तमानाकडे वळू. त्या बहिऱ्या माणसाला प्रभूने प्रथम गर्दीतून एका बाजूला नेले. मग कानांत बोटे घातली, जिभेला स्पर्श केला, स्वर्गाकडे पाहून उसासा टाकला आणि म्हणाला, "इफ्फाथा", म्हणजे मोकळा हो. आधी कान, मग जीभ. स्नानसंस्काराच्या विधीतही याच प्रसंगाच्या स्मरणार्थ बालकाच्या कानांना व मुखाला स्पर्श केला जातो. आपण मात्र जीभ आधी मोकळी सोडतो. न ऐकता हो म्हणणारा धर्मगुरू, पेपरातून मान न काढता हुंकार देणारा बाप, मोबाइलवर बोट फिरवत "ऐकतेय, बोल" म्हणणारी लेक, आपण सर्व एकाच डॉक्टरचे रुग्ण आहोत.

चार व्यवहाराच्या गोष्टी सांगून थांबतो. कानात काडी, पिन, चावी घालू नका. लसणीचे कढत तेलही नको. एकाएकी ऐकू येईनासे झाले, एकाच कानात नाद येऊ लागला, तो नाडीच्या ठोक्याबरोबर वाजू लागला किंवा चक्कर येऊ लागली, तर नोव्हेना संपायची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. लग्नाच्या मांडवात आवाज बेताचा ठेवा. ८५ डेसिबलच्या पुढचा आवाज फार वेळ सोसणे कानाला घातक असते आणि रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवण्यास २००० सालच्या नियमांनी मनाई आहे. चौथी गोष्ट आमच्यासाठी आहे : आम्ही "हो" म्हटले आणि आम्हाला ऐकू आले नसेल अशी शंका आली, तर आमचा हात धरा आणि पुन्हा सांगा. आम्ही आता विचारायला लाजत नाही. उजव्या बाजूने बोला.

या आठवड्यात घरातल्या एका माणसाला बाजूला घेऊन बसा. टीव्ही बंद करा आणि तो थांबेपर्यंत ऐका. अकरा वर्षांचा अबोला असेल तर आजच जा. सहा दिवसांनी वाचा असेलच असे नाही.

हे प्रभो, आमच्या कानातला मळ काढ. जो नाद तू ठेवशील, त्याच्यावरूनही तुझा शब्द आम्हाला ऐकू येऊ दे. आमेन.

आपले धर्मगुरू