परक्या खोलीतला केर

प्रवासात माणसाचा स्वभाव कळतो असे म्हणतात. मला वाटते, तो लॉजच्या खोलीत अधिक कळतो. निदान माझा मला तिथेच कळला.

गेल्या वर्षी आम्ही उभयता पंढरपूरला गेलो होतो. कार्तिकी नुकतीच आटोपली होती. खिशाला परवडेल अशा एका लॉजमध्ये उतरलो. दार उघडले तो कुबट वास आला. चादरीवर परक्या डोक्याच्या तेलाचा डाग, मोरीत शांपूच्या रिकाम्या पुड्या, आणि गादी उचलून पाहावी तर शिवणीत ढेकूण! माझा पारा चढला. बादली-खराटा घेऊन वर आलेल्या विशीतल्या पोराला मी वाटेल ते बोललो.

तो शांतपणे म्हणाला, "काका, आधीची मंडळी अकराला गेली, तुम्ही साडेअकराला आलात. तेवढ्यात आठ खोल्या झाडायच्या होत्या. धुतलेल्या चादरी अजून गच्चीवर ओल्याच आहेत."

यात उद्धटपणा नव्हता. साधा हिशेब होता. मी मात्र खजील झालो. गल्ल्यावर बसलेल्या मालकाशी मी 'अहो' म्हणून बोललो होतो. 'अरे' याच्या वाट्याला आले. आपला रागही पाण्यासारखाच, उताराकडे धावतो. १८६७ साली सराईंचा कायदा झाला, तेव्हा खोल्या, ओसऱ्या आणि गटारे साफ ठेवण्याचे कर्तव्य त्याने सराई चालवणाऱ्यावर टाकले होते. खराटा धरणाऱ्या हातावर नव्हे! मी खाली जाऊन मालकाला तसे बजावले. कुरकुरत का होईना, त्याने खोली बदलून दिली.

पण प्रश्न तिथे संपला नाही. चादरीवरचा तो डाग कोणाचा? मोरीतल्या पुड्या कोणी टाकल्या? ढेकूण तर प्रवाशांच्याच बॅगांतून गावोगाव फिरतो. म्हणजे ही सारी घाण माझ्यासारख्याच कुणा घरंदाज, टापटिपीच्या माणसाने मागे ठेवलेली. दिवाळीत आपण घराचा कोपरान्‌कोपरा झाडतो आणि केर कुंपणापलीकडे लोटतो. आपली स्वच्छता उंबरठ्यापाशी संपते. लॉजची खोली तर एका रात्रीपुरती आपली. मग तिची लाज कोणी बाळगायची?

याच पंढरीत गाडगे महाराजांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारली. ज्या गावी जात तिथले रस्ते दिवसा स्वतः झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. १९५६ साली ते गेले. त्यांचे नाव आपण जागोजाग दिले. खराटा मात्र दुसऱ्याच्या हाती दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना पाहतो, तर सौभाग्यवती खोलीतला कचरा गोळा करीत होत्या.

"अगं, भाडं दिलंय आपण," मी म्हणालो.

"अहो, भाडं राहण्याचं दिलं. उष्टं काढण्याचं नाही," त्या म्हणाल्या आणि खाटेखाली बोट दाखवले. तिथे केळ्याची दोन साले पडली होती. रात्री केळी मी एकट्यानेच खाल्ली होती.

मी मुकाट्याने वाकलो. जिन्यात तो मुलगा भेटला. "येतो बरं का," मी म्हणालो. या वेळी 'अरे' तोंडात आले नाही.